कापलेल्या कडेखालच्या ओळी

बर्मिंगहॅम,
नोव्हेंबर २००५

प्रिय मंजू,

रविवारी तुझा फोन ठेवल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय. आधी इकडचं सांगते.

एलियट आठवतात ना, माझे पीएच.डी.चे गाइड? पुण्याला आले होते तेव्हा बाबांबरोबर मिसळ खाताना डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ‘व्हेरी सटल’, फार नाजूक चव, म्हणत होते. पुढे कितीतरी दिवस भाजी तिखट झाली की बाबा ‘सटल’ म्हणायचे. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मला वीस वर्षांत जमलेलं नाही. सर म्हटलं की म्हणतात, ‘सर’ हा किताब द्यायला राणीने अजून बोलावलं नाही, देवयानी.

त्यांचं सारं आयुष्य एका हस्तलिखितात गेलं. तेराव्या शतकातलं जर्मन काव्य, कवी अज्ञात, जगात प्रत एकच. पुढे कुणीतरी पुन्हा बांधणी करताना चामड्याची पानं खालून कापली, त्यामुळे प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळी गेल्या. गेलेल्या जागी टिंबं द्यायची, पदरचं काही घालायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. प्रबंधात मी एकदा एक शब्द अंदाजाने भरला, तर समासात लिहिलं होतं, ‘तू तिथे होतीस का?’

आमचं डिपार्टमेंट आता बंद होतंय. जर्मनला मुलंच येत नाहीत. त्याआधी त्यांनी संपादित केलेलं या काव्याचं पुस्तक निघावं म्हणून ते मूळ प्रतीशी ताडून बघायचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या भागात टिंबं नाहीत, मंजू. ओळी आहेत. वृत्तात बसणाऱ्या, यमक जुळणाऱ्या, आणि लिहायला संकोच वाटतो, पण बाकी काव्याहून सुंदर. मला वाटलं, माझंच चुकतंय. लायब्ररीत जाऊन मूळ पान पुन्हा पाहिलं. कड सरळ कापलेली.

पानाचा फोटो घेऊन त्यांच्या घरी गेले. या ओळी कुठे आहेत, विचारलं. त्यांनी भिंग घेतलं, फोटो संपतो तिथून खाली, टेबलाच्या लाकडावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवल्या. कुठे अडखळले नाहीत. मग म्हणाले, दमलेली दिसतेस, डोळे तपासून घे. आणि चहा ठेवायला उठले. ‘तुम्ही तिथे होता का’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या क्षणी ते तिथेच होते, मंजू.

टिंबं घातली तर पुस्तक हातात पडल्यावर त्यांना कळेल, त्या ओळी कधी नव्हत्याच. नाही घातली तर त्यांच्या नावावर ते खोटं कायमचं राहील आणि आमच्यातलेच लोक हसतील. महिनाअखेरीला पानं छपाईला पाठवायची आहेत. मी टिंबं घालते आणि काढते.

तू विचारलंस, बाबा आईचं ताट वाढून तिची वाट बघत बसतात, सांगू का ती नाही म्हणून? मी इथून सहज म्हणाले, खरं ते सांग, हळूच सांग. अजून सांगितलं नसशील तर थांब. आणि सांगितलं असशील, तर कुठल्या शब्दांत सांगितलंस आणि त्यावर बाबा काय म्हणाले, ते लगेच कळव. मला शब्द सापडत नाहीत.

तुझीच,
ताई