खुर्चीवरची टोपी

॥ श्री ॥
कांप दे मास्क
१२ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. विद्यावतीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला फार उशिरा उत्तर देतो आहे, रागावू नकोस. वटवाघळं येऊ नयेत म्हणून लिचीच्या झाडावर जाळं टाकताना पडलो आणि पाय मोडला. डॉक्टर म्हणतात, बसचं नाव काढू नका. म्हणजे पुष्पाच्या लग्नाला मी नाही. एकुलता एक मामा, आणि भाचीच्या मागे उभा नाही. घास गिळवत नाही.

तुझे दीर सत्यदेव पोर्ट लुईहून येऊन मामाच्या जागी उभे राहतील असं तू लिहिलंस. अगं, ते काका, मामा कसे होतील? इथे सगळे म्हणतात, रांप्लासां मिळाला ना, मग झालं. साखर कारखान्यात आम्ही त्याला बदली म्हणायचो. कुणी आजारी पडला की फाटकाशी उभ्या असलेल्यांतून एकाला आत घ्यायचे. चांगला बदली आपली टोपी त्या माणसाच्या खुंटीला लावत नसे, खाली ठेवायचा. पण माणूस फार दिवस आला नाही की एखाद्याची टोपी हळूच खुंटीवर चढायची. मला त्याचीच भीती. उद्या पुष्पाच्या पोराचं बारसं निघालं तरी मामा म्हणून लोक सत्यदेवांनाच बोलावतील.

माझा मुलगा नवीन फ्रान्सला कामावर आहे, म्हणून साडी घेऊन सुनेला, कुंतीला, पाठवतो. ती फार बोलत नाही, सांभाळून घे. माझ्या वाट्याची माया पुष्पाला दे.

तुझा दादा
तुलसीराम

॥ श्री ॥
गुडलँड्स
५ डिसेंबर १९७८

ती. दादांस विद्यावतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

लग्न नीट पार पडलं. आधी हेच लिहिते, नाहीतर पुढचं तुम्ही धड वाचणार नाही.

कुंती बोलत नाही म्हणता? तुमच्यासमोर बोलत नसेल. सत्यदेवभावोजी कोट घालून तयार होते, पण पुष्पाने ऐनवेळी हट्ट धरला की मामा नाहीत तर मामांच्या घरचं माणूस हवं, कुंतीवहिनीच मला मांडवात नेईल. माझ्या नणंदेने, भगवती वन्संनी, लगेच टोमणा मारला की मामा आता साडी नेसू लागले वाटतं. कुंतीने शांतपणे सांगितलं की मी मामा नाही, मामांच्या बदलीवर आले आहे. गुरुजी हसले आणि त्यांनी अंतरपाट धरायला सांगितला.

मामासाठी मांडलेल्या खुर्चीवर ती बसली नाही. पिशवीतून तुमची काळी टोपी काढून तिने खुर्चीवर ठेवली आणि विधी संपेपर्यंत उभीच राहिली. येणारे जाणारे टोपीला नमस्कार करत होते. भावोजींनीसुद्धा केला.

पाठवणीच्या वेळी मात्र तिने माझं ऐकलं नाही. मामाच्या हातचा गूळखोबऱ्याचा घास घेऊन मुलीने सासरी जायचं, ही आपल्या घरची रीत. मी वाटी पुढे केली तर तिने ती झाकून ठेवली. म्हणाली, हे काम बदलीचं नाही, ज्याचं त्यानेच करायचं. मी रडले, चिडले. पुष्पा घास न घेताच गेली. रीत मोडली याचं मनाला लागून राहिलं आहे. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा. पायाला जपा, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची
विद्या

॥ श्री ॥
कांप दे मास्क
११ डिसेंबर १९७८

चि. सौ. विद्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

ती टोपी मी आठवडाभर शोधत होतो. शेजारच्या बलरामच्या बकरीने खाल्ली म्हणून त्याच्याशी भांडलोसुद्धा.

कुंती आली, टोपी माझ्या खुंटीला लावली आणि भात टाकायला गेली. बाकी सगळं मला तुझ्या पत्रातून कळलं. हे कुठे शिकलीस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, बाबा, कारखान्याच्या गोष्टी तुम्हीच तर सांगता. मला वाटायचं, या घरात माझं कुणी ऐकत नाही.

कारखान्यात बदलीचं नाव कुणी विचारत नसे. काल दारावरून गेलेल्या प्रत्येकाला मी थांबवून कुंतीचं नाव सांगितलं. बलरामला दोनदा.

तू रडू नकोस. रीत मोडली नाही, माझ्यासाठी थांबली आहे. पुष्पाला आणि जावयांना इकडे पाठव. घास भरवायला हात लागतो, पाय लागत नाही. कुंतीने खोबरं किसून ठेवलं आहे. मला मुंग्यांची काळजी वाटते. मुलं कोणत्या दिवशी, कोणत्या बसने येतात ते लगेच कळव.

वाट पाहणारा
दादा