झोपेतली पकड

४ जून

ती. ताईस,
धाकट्याचा पिसं फुलवून सा. न.

नोकरी सुटली नाही, मीच सोडली. आता छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलतो. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्यातला दिवा लहरी, आणि खालचा सायकलवाला दिवसभर एकच धून शिट्टीवर... असो, भलतीकडेच गेलो.

सुट्टीच्या दिवशी छापखान्यातली मंडळी टेबलाभोवती एक खेळ खेळतात. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, फासे टाकायचे, पुढे काय घडलं ते सूत्रधार सांगणार. सूत्रधार म्हणजे पुस्तकं बांधणारा आमचा बाइंडर. कुणी बुटका होतो, कुणी राक्षस. मी कोण झालो असेन? आपला पक्षीमाणूस! लहानपणी पलंगाखाली बसून आपण रचलेली ती जमात, खोटं बोलली की जिचा तुरा उभा राहतो.

पण घोटाळा झाला. तू पक्ष्यांची डॉक्टर, म्हणून मीही शहाणपणा करून सांगून बसलो की हाडं पोकळ असतात. सूत्रधाराने लगेच लिहिलं: पोकळ हाडं, एका फटक्यात आडवा. वजन माणसाचं, म्हणून उडणंही बंद. मशीन चालवणारा दाढीवाला म्हणतो, हा तर सोलायला तयार कोंबडा.

इथे नवी जमात, म्हणजे तिचं गाव, खेळाच्या नकाशावर पेन्सिलीने काढतात. तिचा पहिला गडी मोहिमेतून जिवंत परतला तर शाईने गिरवतात, मेला तर खोडरबर. रविवारी मोहीम आहे. काहीतरी सुचव गं, नाहीतर आपली जमात गेली!

तुझ्या लोभातला घरट्याएवढा कोपरा मागणारा,
धाकटा

९ जून

चि. उनाडास,
अ. आ., आणि ही नोकरी टिकावी म्हणून एक जास्तीचा.

वेळेवर जेवतोस का, असं आई विचारते. चोचीने टिपत असेल, म्हटलं.

पोकळ म्हणजे ठिसूळ नव्हे रे, दीडशहाण्या! आत आधारांची जाळी असते. पण सूत्रधाराने लिहिलं ते लिहिलं, आता वाद घालू नकोस. दुसरं ऐक. दवाखान्यात पंखाला पट्टी बांधलेला एक कावळा आहे. काल दांडी बदलायला गेले, तर झोपलेल्या कावळ्यासकट ती हातात आली! पक्षी झोपला की खाली बसतो, पाय दुमडतो, पायातली दोरीसारखी शीर ताणली जाते आणि बोटं आपोआप मिटतात. पकड सोडायला त्याला उठावं लागतं. बघ काही कामाला येतंय का. आणि हरलास तर खरं कळव, तुझाही तुरा उभा राहतो.

माया आहेच, ती मागायची नसते.
ताई

१५ जून

ती. ताईस,
शाईने बरबटलेल्या हातांनी सा. न. वि. वि.

जिंकलो! अगं, जिंकलो! थांब, नीट सांगतो.

पूल तुटलेला, एकच तुळई उरलेली. दाढीवाला खाली दरीत दोरीला लटकलेला आणि दोरीचं टोक माझ्या पायाच्या पंजात, तुळईवर दाबून धरलेलं. तेवढ्यात चेटकिणीने निद्रामंत्र फेकला. मी फासा टाकला, पडला एक. सूत्रधाराने जाहीर केलं की मी झोपलो, पकड सुटली, दोघंही दरीत. खोडरबर उचललंसुद्धा त्याने!

मी खुर्चीवर चढून उकिडवा बसलो आणि तुझा कावळा करून दाखवला. म्हटलं, हाडं पक्ष्याची धरलीत, तर पायही पक्ष्याचेच धरा. झोपलो म्हणूनच पकड सुटत नाही, उलट आवळते. सूत्रधार नियमांची वही चाळू लागला. कोंबडा म्हणणारा दाढीवाला मात्र टेबल बडवून माझी वकिली करू लागला. जीव त्याचाच टांगलेला ना! शेवटी सूत्रधाराने खोडरबर खिशात घातलं. मग दाढीवाला दोरीने वर आला, मला ओलांडून गेला आणि चेटकीण लोळवली. मी घोरतच होतो.

मी एकेक नोकरी सोडत आलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही धरून ठेवलं तेही झोपेत!

जमातीच्या गावाचं नाव विचारलं तेव्हा मीच दौत ओढली आणि नकाशावर लिहिलं: ताईची फांदी. आता पुसता येत नाही.

आईला सांग, छापखाना सोडलेला नाही.

तुझ्या लोभाची पकडही अशीच असावी, झोपेतसुद्धा न सुटणारी.
धाकटा