मूळ प्रतीत नसलेली ओळ

३ जून, सोमवार

नवं पुस्तक आलं. कादंबरी, दोनशे बारा पानं. मालकांनी स्पष्टच सांगितलं — यात एकही चूक राहिली नाही तर एक तारखेपासून मला कायम करणार. राहिली, तर दुसरा मुद्रितशोधक बघणार. आठवीत शाळा सुटलेल्याला हे काम दुसरीकडे कोण देणार? प्रत्येक प्रूफ तीनदा बघायचं ठरवलं.

पद्धत नेहमीचीच. समोर बसलेली बाई लेखिकेची मूळ प्रत मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट, आणि मी प्रुफावर बोट ठेवून जुळवत जातो. अख्खा छापखाना तिला ‘रेडिओ’ म्हणतो. मी तोंडावर म्हणत नाही, इथे लिहायला सोपं म्हणून लिहितो. तिला स्वतःचं काही बोलायचं असेल तर हातातलं पान आधी पालथं ठेवायचं, हा नियम माझा. नाहीतर तिचं कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं, कळत नाही.

५ जून, बुधवार

नायिकेला प्रेम हवं आहे. पहिला माणूस दंतवैद्य. रेडिओने वाचलं, “अवतरण सुरू, तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही, उद्गारचिन्ह, अवतरण बंद” — आवाज असा, जणू गाडी फलाटावर येत असल्याची घोषणा. तरी माझे कान तापले! पान ४१ वर दंतवैद्य दुसरीकडे जगायला गेला.

८ जून, शनिवार

दुसरा गायक. स्वतःशिवाय कोणाचं ऐकत नाही. तिचा वाढदिवस विसरला आणि वर स्वतःच रुसून बसला.

रेडिओने पान पालथं ठेवलं. म्हणाली, “हिला माणसं पारखता येत नाहीत. समोर बसलेला सोडून लांबलांब बघत बसते.”

मी म्हटलं, पान ८८, दुसरा परिच्छेद.

९ जून, रविवार

छापखाना बंद. फार लांबतो हा दिवस.

१३ जून, गुरुवार

तिसरा ठेकेदार. लग्नाची तारीख तीनदा पुढे ढकलली — इमारती मात्र वेळेवर! जेवताना ताईला सगळं सांगितलं. ताई म्हणाली, कागदावरच्या बाईसाठी एवढा जीव टाकतोस, तुला स्वतःला कोणी आवडतं की नाही? मी म्हटलं, ज्याने कामात चुका होतील अशा विषयात मी शिरत नाही. तिने कपाळावर हात मारला.

१८ जून, मंगळवार

शेवटचं प्रकरण. चौथा ग्रंथपाल. सज्जन आहे, पण स्वतःहून काही बोलेल तर शपथ. दोघं बसथांब्यावर उभी. इथे रेडिओचा आवाज जरा खाली आला. “तिने विचारलं, स्वल्पविराम, अवतरण सुरू, तुम्ही माझ्याशी लग्न कराल का, प्रश्नचिन्ह, अवतरण बंद.”

प्रुफात नाही! अख्खी ओळ गळलेली! लगेच समासात लाल शाईने सुवाच्य लिहिली, जागेवर खूण केली. म्हटलं, बरं झालं, तुम्ही नीट वाचलंत म्हणून सापडली.

तिने शेवटच्या चार ओळी कशाबशा वाचल्या आणि डोकं दुखतंय म्हणून उठली. जाताना दहा दिवसांची रजा टाकून गेली. ऊन लागलं असावं.

२७ जून, गुरुवार

सगळं संपलं.

पुस्तक छापून झालं, पहिली प्रत लेखिकाबाईंकडे गेली आणि आज त्या स्वतःच आल्या. मालकांसमोर शेवटचं पान उघडून धरलं. शांतपणे म्हणाल्या, “माझी नायिका लग्नाचं विचारते आणि उत्तर न ऐकताच बसमध्ये चढते? एवढी घाई कसली तिला?”

मूळ प्रत काढली. त्यात ती ओळ नाही. कुठेच नाही. समासातलं लाल अक्षर माझं.

तिने वाचलं म्हणून मी लिहिलं, हे सांगता आलं असतं. पण ती रजेवर. पाठीमागे तिचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही. चूक माझी, म्हणालो. मालक म्हणाले, उद्या टेबल आवरायला ये.

२८ जून, शुक्रवार

टेबल आवरत होतो. रेडिओ आली, ती तडक मालकांच्या खोलीत. लेखिकाबाईही तिथेच होत्या. दार उघडं होतं. म्हणाली, ती ओळ यांची नाही, माझी. पुस्तकातली नव्हती. मी यांनाच विचारत होते, आणि यांनी ती छापायला पाठवली.

लेखिकाबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मालकांनी मला आत बोलावलं. मग म्हणाले, “तुझ्या नोकरीचं नंतर बघू. आधी हिला उत्तर दे.”

हो म्हणालो. त्याआधी हातातलं प्रूफ पालथं ठेवलं.