रोज एक तक्रार

३ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या, "तू इकडेच ये." बाई म्हणजे आमच्या कंपनीच्या प्रमुख. मी त्यांना फक्त पडद्यावर पाहिलं आहे, तेही खांद्यांपर्यंत. पाय आहेत की नाहीत, देव जाणे! कंपनी त्यांची, देश त्यांचा, पैसे त्यांचे. तांब्याचे सौदे मात्र मी करते — माझ्या घरातून, आईच्या कपाटाला पाठ टेकून. नफ्यात मला वाटा. आता त्यांच्या कचेरीत एक खुर्ची रिकामी झाली आहे. व्हिसाचं त्या बघतील. महिनाअखेर उत्तर हवं.

जेवताना घरी सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "खुर्ची तर आपल्याकडेही आहे." आत्याने आधी नीट वाढून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे सट्टा खेळायला आता विमानाने जाणार."

४ फेब्रुवारी

आत्याशी वाद. मी तिला परत समजावलं की हा सट्टा नाही. भाव म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून केलेला प्रामाणिक अंदाज. मला हे खरंच वाटतं. या घरात आजवर प्रत्येक गोष्ट ओळखीने, नाहीतर हात जोडून मिळाली. बाजाराला माझं आडनाव माहीत नाही, बाबा लिफ्ट दुरुस्त करतात हेही माहीत नाही. मी बरोबर तर बरोबर, चूक तर चूक. याहून स्वच्छ जागा मला अजून दिसलेली नाही.

आत्या म्हणाली, "सगळे मिळून चुकतात, तेही प्रामाणिकपणेच."

आई शेजारणींना अजूनही "बँकेत आहे" असंच सांगते.

६ फेब्रुवारी

जाण्याच्या बाजूने पहिला मुद्दा: हे घर बिचारं श्वास तरी घेईल.

बाजार आमच्याकडे दुपारी उघडतो. माझ्या खोलीचं दार लागलं की बाहेर सगळं थंड. मिक्सर फक्त सकाळी. फोन उशीखाली. आत्या खोकायला जिन्यात जाते. बाबांनी लिफ्टचं तेल आणून सगळ्या बिजागऱ्या गप्प केल्या. घरात अजगर झोपला आहे आणि तो मी पाळला आहे, असे सगळे वावरतात.

सुरुवात मीच केली. पहिल्याच महिन्यात, ऐन वेळी आईने मिक्सर लावला, मी दचकले आणि घ्यायचं ते विकून बसले. मग बाहेर येऊन काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून नियम: बाजार चालू असताना दार वाजवायचं नाही. काही झालं तरी.

पदवीचं प्रमाणपत्र बाबांनी दिवाणखान्यात लिफ्टच्या बोल्टांनी ठोकलं आहे. म्हणतात, भूकंप झाला तर घर पडेल, पदवी नाही. अशा माणसाच्या घरात मी त्यालाच चवड्यांवर चालायला लावते.

१० फेब्रुवारी

एवढा विचार करते आहे आणि कामातला पहिला नियमच विसरले होते. कुठलाही सौदा करण्याआधी स्टॉप ठरवायचा — भाव कुठे गेला की आपण चुकलो असं मानायचं, ती जागा. तिथे भाव लागला की बाहेर. हुज्जत नाही, "जरा बघू" नाही, कारण विचारायचं नाही. जे विचारत बसतात ते बुडतात. घरातही आता हा शब्द रुळला आहे. आत्याचं बोलणं लांबलं की बाबा उठतात. "माझा स्टॉप लागला."

मग परदेशी जाण्याला स्टॉप काय? परत कधी यायचं, ते जाण्याआधी ठरायला हवं.

दिवसभर विचार केला. सापडला. आई.

आई ठणठणीत असते तेव्हा कुरकुरते. गुडघा, नळ, आत्या, पुन्हा गुडघा. काही बिनसलं की एकदम गोड होते आणि म्हणते, "सगळं ठीक आहे." फारच बिनसलं तर दोनदा म्हणते. तिची नोकरी सुटली तेव्हा दोनदा म्हणाली होती.

ठरलं. फोनवर आई दोनदा "सगळं ठीक आहे" म्हणाली, की परतीचं विमान.

१३ फेब्रुवारी

बाबांनी विचारलं, तिकडे लिफ्ट कोणत्या बनावटीच्या असतात. म्हटलं, काय माहीत. म्हणाले, "विचारून घे. मग ठरव."

१८ फेब्रुवारी

आजचा सौदा वर्षभरातला सगळ्यात सुंदर! सगळे विकत होते तेव्हा मी घेतलं, आणि तासाभरात तांबं असं उसळलं की बाई पडद्यावर हसल्या. दात आहेत त्यांना.

बाजार मिटल्यावर नाचतच बाहेर आले. बाबा आरामखुर्चीत. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये.

कामावर शिडी सरकली. दुपारीच. फोन आला तेव्हा मी भिंतीपलीकडे होते. आई आणि आत्या इस्पितळात जाऊनही आल्या.

"मला हाक का नाही मारली?"

आई म्हणाली, "बाजार चालू होता ना."

आत्या म्हणाली, "तुझ्या दारावरून जाताना चपला हातात घेतल्या होत्या आम्ही."

१९ फेब्रुवारी

आज खोलीत बसले, पण एकही सौदा केला नाही. कालचं आठवत बसले.

काल दुपारी मी पाणी प्यायला बाहेर आले होते. आई ओट्यापाशी उभी, खांद्याला पर्स. मी म्हटलं, "कुठे निघालीस?" ती म्हणाली, "सगळं ठीक आहे. तू जा आत. सगळं ठीक आहे."

दोनदा.

आणि मी, स्टॉप पाळणारी शहाणी, ग्लास ठेवून आत गेले.

परदेशी जायचं काय घेऊन बसले आहे! या दाराच्या आत बसून मी केव्हाच परदेशी गेले आहे. नुसता शिक्का बसायचा राहिला आहे.

२१ फेब्रुवारी

जेवताना जाहीर केलं, मी जात नाही. टाळ्यांची अपेक्षा नव्हती, पण निदान कुणीतरी पुन्हा वाढेल असं वाटलं होतं.

आई म्हणाली, "म्हणजे मिक्सर सकाळीच का?"

बाबा डाव्या हाताने चमच्याशी झटापट करत होते. "तिकडे गेलीस तर फोन करशील?"

"रोज करीन."

"रोज! इथे तुला भेटायचं तर बाजार मिटायची वाट बघावी लागते. मिटला की तू दमलेली. आमचा तर फायदाच आहे, जा तू."

आत्या म्हणाली, "मलाही घरात खोकता येईल."

मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम येणं फार वाईट दिसतं, आत्याने तसं सांगितलंही.

मग त्यांना माझा स्टॉप सांगितला. दोनदा "ठीक आहे" म्हणजे मी परत. आई ऐकत होती. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मग मी एकदाच म्हणेन."

झालं! आईने सहज हात फिरवून स्टॉप पुसून टाकला. आणि स्टॉप नसताना सौदा करायचा नाही, हे तर मी पदवीच्या आधी शिकले.

२३ फेब्रुवारी

उपाय मिळाला. उलटा लावायचा.

आईला म्हटलं, "मला रोज फोन करायचा आणि रोज एक तक्रार करायची. ज्या दिवशी तक्रार नाही, त्या दिवशी मी विमानात. आणि बाजार चालू असला तरी फोन करायचा."

"बाजार चालू असताना?" तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला देवळात शिट्टी मारायला सांगितलं.

"चालू असतानाच."

"आणि तक्रार एकच?"

बाबा म्हणाले, "तिला एक कशी पुरेल? आठवड्याच्या एकदम द्यायची सोय ठेव."

२७ फेब्रुवारी

बाईंना होकार कळवला. अट एकच घातली: माझा फोन टेबलावर, आवाज मोठा. "घरचा नियम आहे," म्हटलं.

९ एप्रिल

पोचले. बाईंना पाय आहेत. वर उंच टाचांचे बूट आहेत.

१० एप्रिल

माझ्या शेजारच्या टेबलावर एक सद्गृहस्थ अखंड नाक ओढतात. त्यांचं नाव मी सर्दीराव ठेवलं आहे. खिडकीतून दिसते समोरच्या इमारतीची मागची बाजू: पाइप, वाळत घातलेला एक शर्ट. घरी पाठ टेकायला कपाट होतं. इथे पाठीमागे मोकळी जागा आहे, सारखी मागे वळून बघते.

आईचा फोन, बाजार उघडताच. कुजबुजत बोलली, "नळ गळतोय." एवढ्या लांबूनही कुजबुजली — बाजार चालू आहे म्हणून! सर्दीराव बघत राहिले.

बाबांना निरोप दिला: इथली लिफ्ट हळू आहे आणि मधेच उसासा टाकते. त्यांचं उत्तर आलं, "तेल नाही. कुणाला तरी सांग."

२४ एप्रिल

नळ अजून गळतोय. नळवाला येतो म्हणाला आणि आला नाही. आत्या मुद्दाम मोठ्याने खोकते. बाबांचं प्लास्टर निघालं, पण ते हात धड ठेवत नाहीत. गुडघा. आईचा आवाज आता मोठा झाला आहे, मागे मिक्सर. सर्दीराव रोज विचारतात, "आज काय?" मी भाषांतर करून सांगते. त्यांचा आवडता विषय आत्या.

६ मे

घाईत घेतलं, स्टॉप लागला, बाहेर पडले. वाईट वाटलं नाही. आईने जिन्यातल्या दिव्याबद्दल इतकी सविस्तर तक्रार केली की शांत झोप लागेल.

१५ मे

नळवाला. गुडघा. आत्या. पुन्हा नळवाला. स्वर्ग!

२३ मे

आईचा फोन. मागे मिक्सर नाही. नळ दुरुस्त झाला म्हणाली. गुडघा अगदी छान. आत्या फार गोड वागते आहे. मी विचारलं, "आणि बाबा?" म्हणाली, "तेही."

मी काही विचारलं नाही. सौदा उघडा होता, तो बंद केला. मग तिकीट काढलं.