कंचनला उपास फळले

कारंजा लाड, डिसेंबर १९७४

प्रिय रतन,

तुझं पत्र आलं तशी जिवाला चैन नाही. आधी माझं ऐक, मग तुझ्याकडे वळते. मी थायरॉइडची गोळी पुन्हा सुरू करून राह्यली आहे. घरात कोणी काही म्हणो.

आमच्या सासूबाई बिस्किटाच्या पुड्यातसुद्धा काय आहे ते विचारून घेतात. पर्युषणाच्या उपासांच्या तोंडावर त्यांनी पुंजाजी कंपाउंडरला माझ्या गोळीचं विचारलं. तो भोळा माणूस सांगून बसला, की जनावराच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून करतात ती. झालं, बाटली घराबाहेर गेली. खोटं कायले बोलू, मलाही किळस आली. आपण कांदा खात नाही, अन् मी रोज सकाळी हे गिळत होते.

दिवाळी सरता सरता मी सुजले. भर उन्हात शाल घेऊन बसायची. केस हातात यायचे, जीभ जड झालेली. अन् गंमत बघ, घरातले खूश. कंचनला उपास फळले, म्हणे. पहिले किती तडतड करायची, आता कशी निवांत झाली. शेजारच्या गोमतीबाई तर पाया पडायला आल्या. मी नको म्हणेपर्यंत पडून उठल्यासुद्धा.

मागच्या आठवड्यात चुलीपाशी बसल्या बसल्या डोळा लागला नि पदर पेटला. ह्यांनी विझवला, अन् दुसऱ्याच दिवशी एसटीनं अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, कारखान्यात बनवलेली गोळी मिळते, तिच्यात जनावराचं काही नसतं. जुन्या गोळीत ग्रंथीचे दोन रस होते, हिच्यात एकच. तेवढ्यानं हुशारी आली नाही तर दुसराही, तसाच बनवलेला, मुंबईहून मागवू. सासूबाईंनी विचारलं, अन् थेबी जनावराची निघाली तं? मी म्हटलं, तरी घेईन. मीबी जीवच आहे. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

आता तुझं पत्र. तू लिहितेस, थंडी सोसत नाही, दिवसभर झोप येते, कशाचा राग येत नाही, सासरचे म्हणतात सून देवमाणूस झाली. रतन, एका चिंचेसाठी मला कडकडून चावलेली तू. राग न येणं तुझ्या रक्तात नाही गं. डॉक्टर म्हणाले, हा आजार एकाच घरातल्या बऱ्याच बायकांना होतो. मला आपली आई आठवली. तिचाही चेहरा असाच सुजलेला, अन् शेवटपर्यंत सगळे म्हणत राहिले, किती शांत बाई. रविवारी मी शिरपूरला येते. तुझ्या सासऱ्यांशी मी बोलीन. तिथल्या मंदिरात दर्शनाला मागून जाऊ, आधी अकोल्याची बस धरू. तू फक्त लुगडं नेसून तयार राहा.

तुझीच मोठी,
कंचन