सोळाशे मीटर आणि फौजदार

५ जानेवारी, पहाटे
आजपासून रोजनिशी. पोलिसात डायरी लिहावीच लागते, आधीपासून सवय असलेली बरी. सांगली पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही, म्हणजे ही शेवटची. टेन्शन अजिबात नाही. हात कापतायत ते थंडीनं.
संकल्प: रोज पहाटे सोळाशे मारणे, गोळा, सपाट्या, दोन अंडी. आज फक्त अंडी.

९ जानेवारी
नवे बूट चावतात. पायात मुरावेत म्हणून दिवसभर घरात घालून बसलो. आई म्हणाली, चुलीपाशी तरी काढ रं. आबा काहीच म्हणाले नाहीत.
आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीत हवालदार होते. मी आर्मीच्या भरती रॅलीतून दोनदा नापास होऊन परत आलो, तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. ओरडले तर चालतं. गप्प बसले की मी घराबाहेर पडतो.

१२ जानेवारी
पळालो. कॅनॉलच्या रस्त्याला लिंबापासून देवळापर्यंत बरोबर सोळाशे भरतात. धाकटी बहीण अंकिता घड्याळ घेऊन स्कूटीवरून मागं. तिनंही फॉर्म भरलाय. हौस म्हणून असेल, मी काही बोललो नाही.
लिंबाखाली धुळा धनगराची मेंढरं बसलेली. त्याचं कुत्रं सुटलं. धुळा लांबून ओरडत होता, आवं ऋषीदादा, पळू नगा, हुबं ऱ्हावा, काय करत न्हाई त्ये. सांगायला काय जातंय. त्याच्या मागं कुत्रं नव्हतं. देवळाची पायरी चढलो तेव्हा ते परत फिरलं. स्कूटीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.
टायमिंग: पाच मिनिटांच्या आत. म्हणजे पैकीच्या पैकी मार्क. कुत्र्याचं नाव फौजदार आहे म्हणे. हा शुभशकुन समजतो.

२० जानेवारी
रोज पाच मिनिटांच्या आत. वेग माझ्यात जन्मजात आहे, आर्मीवाल्यांना ओळखता आला नाही एवढंच. परत येताना अंकिता पळत येते आणि स्कूटी मी आणतो. रिकव्हरी महत्त्वाची.
अंकिता म्हणाली, दादा, एकदा कुत्र्याबिगर पळून बघ की. म्हटलं, चांगलं चाललंय त्यात हात घालू नये.

२ फेब्रुवारी
दोस्त सूरजनं माझा फ्लेक्स छापायला टाकला. 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल ऋषिराजदादांचं हार्दिक अभिनंदन.' म्हटलं, गड्या, अजून मैदानी परीक्षा व्हायचीय. म्हणाला, निकालाच्या टायमाला लय गर्दी असती दुकानात. रात्रीचं जेवण गेलं नाही. पित्त असावं.

८ फेब्रुवारी
उंची मोजली. भरतीला लागणाऱ्या एकशे पासष्ट सेंटिमीटरला सकाळी काठोकाठ भरते, संध्याकाळी भरत नाही. उभं राहून राहून माणूस दबतो, हे सगळ्या भरतीवाल्यांना माहीत असतं. तेव्हा मैदानाला आडवं होऊनच जायचं. नाथाजीमामांचा द्राक्षाचा टेम्पो ठरलाय. मागं क्रेट, क्रेटवर गादी, गादीवर मी. आबा पुढं बसणार. स्वतःहून म्हणाले, मी येतो.
आबा येणार म्हटल्यापासून भीती वाटते. खूप वाटते. ही ओळ नंतर खोडायची.

१४ फेब्रुवारी, पहाटे, टेम्पोत
आडवा पडून लिहितोय. मिरजेच्या अलीकडं नाथाजीमामांनी चहाला गाडी थांबवली. मी उतरलो नाही, आडव्यालाच आबांनी कपातून चहा पाजला. थोडा कानात गेला. खाली मान घालून म्हणाले, घाबरू नगंस. म्हटलं, छे. माझे दात वाजत होते ते त्यांना ऐकू आलं नसावं.

१४ फेब्रुवारी, दुपार
उंची भरली. छाती फुगली, श्वास आधीपासूनच कोंडलेला होता.
मग सोळाशे. शिट्टी झाली. सवयीनं मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं. पाय निघेनात. पुन्हा बघितलं, तरी कुणी नाही. अर्ध्या फेरीनंतर लक्षात आलं, सगळे पुढं होते.
भीती होती, भरपूर होती. पण ती पुढून येत होती. कुंपणाबाहेर आबा उभे होते आणि दर फेरीला त्यांच्याकडंच जावं लागत होतं.
सोळाशेला शून्य. गोळा पायाशीच पडला. शंभर मीटरला थोडे मिळाले, त्यानं काही होत नाही. निम्मे मार्क असल्याशिवाय लेखीला बसवत नाहीत.
येताना क्रेटवर बसून आलो. उंची जपायचं कारण उरलं नव्हतं. आबा घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

१७ फेब्रुवारी
आबा अजून गप्प. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागतात. फ्लेक्सचं काय करायचं, सूरज विचारत होता. त्याच्या वडिलांनी वैरणीवर घातला म्हणे. चेहरा खालच्या बाजूला आहे, हे त्यानं आवर्जून सांगितलं.

२० फेब्रुवारी
अंकिताचं मैदान पुढच्या आठवड्यात. मुलींना आठशेच असतात, पण ही रोज सोळाशे मारते. म्हणाली, दादा, आज तू घड्याळ धर. स्कूटी पंक्चर होती. आबा तिच्यासाठी आधीच देवळापाशी जाऊन बसलेले. मला आबांनी ये म्हटलं नव्हतं, तरी गेलो. आता कशाची भीती?
लिंबापाशी उभा राहिलो, बटण दाबलं, ती सुटली. फौजदारनं तिच्याकडं बघून जांभई दिली. मग त्याला मी दिसलो.
अर्ध्या वाटेत अंकिताला मागं टाकलं. देवळाच्या वरच्या पायरीवर पोचलो तेव्हा घड्याळ हातातच होतं. आबांनी ते माझ्या मुठीतून सोडवून घेतलं, बटण दाबून थांबवलं आणि आकडा वाचला. पाच मिनिटं व्हायला अजून अवकाश होता.
सहा दिवसांनी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, रं, ह्ये मैदानात का न्हाई केलंस?
फौजदार खालच्या पायरीवर उभा होता. म्हटलं, आबा, आधी त्याला हाकला, मग सांगतो.