हलका चाप

रविवार, दुपार

ती. ताईस,

सा. न. इकडे सगळे बरे आहोत. दुकानाचं छत पुन्हा गळतंय. तुझी भावजय म्हणते, जगाच्या बंदुका दुरुस्त करतो आणि स्वतःच्या डोक्यावरचं भोक बुजवत नाही.

तुझी चिठ्ठी मिळाली. आसपास चोऱ्या वाढल्यात, घरात काहीतरी हवं, दादांचं जुनं पिस्तूल देतोस की नवं घेऊ, ऐनवेळी दगा कुठलं देणार नाही, असं विचारलंस.

आधी धंद्याचं सांगतो. दादांचं सगळं पोलादी, जड. भरलेलं असलं तरी बाजूचा खटका अंगठ्याने खाली केल्याशिवाय उडत नाही. घाबरलेला अंगठा खटका विसरतो, हा त्याचा दोष. शिवाय सारखं तेलपाणी मागतं, सासूसारखं. नवं प्लास्टिकच्या मुठीचं. हलकं, भाग कमी, धुळीत पडलं तरी चालतं. त्याला बाजूचा खटका नाही. चाप ओढला की उडालं. चापाचा जडपणा हीच त्याची राखण. अडायलाच नको असेल तर नवं. विचारेल त्याला मी हेच सांगतो.

भावोजींनाही हेच सांगितलं होतं. त्यांच्याकडे तसलंच नवं आहे हे तुला ठाऊक असणार. माझ्याकडूनच नेलं, हे कदाचित नसेल. त्यांच्या तळहाताला बसेल अशी मूठ मीच निवडून दिली.

तुझ्या चिठ्ठीतल्या एका ओळीवर मी अडलो. पिठाच्या डब्यात ठेवलं तर चालेल का, असं लिहिलंस. तेलात पीठ गेलं की कणीक होते, पिस्तूल राहत नाही. पण ताई, चोरासाठी माणूस ते उशाशी ठेवतो. डब्यात लपवतो ते घरातल्या माणसापासून.

शुक्रवारी भावोजी दुकानात आले. चाप हलका करून दे म्हणाले, अगदी बोट लागलं की सुटेल इतका. मी ते उघडलं तर नळीत गोळी. घरात हे असंच भरलेलं ठेवता का, मी विचारलं.

"तुझ्या बहिणीला सवय झालीय," म्हणाले, आणि हसले.

मीही हसलो. त्यांच्यासाठी चहा मागवला. सोमवारी दहाला या म्हणालो.

फोन केला नाही. तुझा फोन कुणाच्या हातात असतो, ते आता कळलंय.

हे पत्र भावजय घेऊन आली आहे. तू वाचते आहेस तेव्हा सोमवारचे दहा वाजून गेलेत, तो माझ्यासमोर बसलेला आहे, आणि पिस्तूल टेबलावर सुटं पडलंय. जोडायला वेळ लागतो. आज जास्त लागेल. मग त्यालाही कळेल की मी मुद्दाम वेळ लावतोय.

तुला कुठलंच देत नाही. दादांचं माझ्या खणात आहे. आजच्यासाठी मी ते निवडलं, कारण त्यात चाप ओढण्याआधी अंगठ्याला एकदा विचारावं लागतं. खटका वर आहे. तो वरच राहावा असं वाटत असेल तर कपाट आवरत बसू नकोस.

भावजयीने गाडी बंद केलेली नाही. चप्पल घाल आणि निघ.

तुझी वाट न बघता, तू निघालीस असं धरून बसलेला,
तुझा धाकटा